चंद्रासाठी कोणतं रॉकेट? आधी टन कुठे मोजायचे ते ठरवू

प्रश्न असा आहे: अपोलोचं सॅटर्न-५, नासाचं एसएलएस, स्पेसएक्सचं स्टारशिप, ब्लू ओरिजिनचं न्यू ग्लेन आणि चीनचं लाँग मार्च-१० ही अवजड रॉकेट्स शेजारी शेजारी ठेवली, तर पुढच्या चांद्रमोहिमांसाठी त्यातलं सर्वांत चांगलं कोणतं? १९६९ साली जे एका उड्डाणात झालं, त्यासाठी आता दहा-पंधरा उड्डाणं का लागावीत? आणि जाता जाता विचारलेला उपप्रश्न: आपलं चांद्रयान-४ दोन उड्डाणांत का जाणार आहे?

मोहिमांचे मार्ग आखणं आणि त्यांचे वजनाचे हिशेब मांडणं हे माझं कामच आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल. तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे, म्हणून आधी त्याकडे वळतो.

या रॉकेटांची तुलना करणारे तक्ते बहुतेक वेळा एकाच रकान्यावर उभे असतात: पृथ्वीनिकट कक्षेत किती टन. सॅटर्न-५ सुमारे १४०, एसएलएसची पहिली आवृत्ती ९५, लाँग मार्च-१० सुमारे ७०, स्पेसएक्सचंच फाल्कन हेवी (रॉकेटचा कोणताही भाग परत न आणता) ६३.८, न्यू ग्लेन ४५ आणि स्टारशिपचं उद्दिष्ट १०० च्या वर. आकडे बरोबर आहेत, पण चंद्राच्या दृष्टीने हा रकाना दिशाभूल करतो. पृथ्वीनिकट कक्षेत यानाचा वेग सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर असतो. तिथून चंद्राच्या वाटेला लागायचं तर आणखी सुमारे ३.१ किलोमीटरची भर हवी. ती भर कोण घालणार, कोणत्या इंधनाने घालणार आणि घालून झाल्यावर रिकाम्या टाकीचं किती वजन सोबत ओढलं जाणार, यावर सगळं ठरतं.

आता दुसरा रकाना बघा: चंद्राच्या वाटेवर किती टन. सॅटर्न-५ ने शेवटच्या अपोलो मोहिमांत ४८ टनांच्या आसपास नेले. एसएलएस २७. लाँग मार्च-१० सुद्धा २७. न्यू ग्लेन सुमारे ७. आणि कक्षेत इंधन न भरलेलं स्टारशिप: शून्य. पहिल्या रकान्यात लाँग मार्च-१० हे एसएलएसपेक्षा २५ टनांनी मागे होतं, इथे दोघं बरोबरीला आली. न्यू ग्लेन पहिल्या रकान्यात लाँग मार्चच्या निम्म्याहून जास्त नेत होतं, इथे ते पाव भागावर उतरलं.

याचं कारण वरच्या टप्प्यात आहे. पहिल्या टप्प्याचं वजन वाढलं तर त्यातले अनेक किलो मिळून पेलोडचा, म्हणजे नेल्या जाणाऱ्या मालाचा, एक किलो खातात, कारण तो टप्पा वाटेत सुटून जातो. वरचा टप्पा मात्र पेलोडबरोबर शेवटपर्यंत जातो. त्याच्या रिकाम्या वजनातला प्रत्येक किलो पेलोडमधून सरळ वजा होतो. न्यू ग्लेनचा वरचा टप्पा सात मीटर व्यासाचा, भला दांडगा आहे. शिवाय खालच्या टप्प्याला परत उतरण्यासाठी इंधन राखून ठेवायचं असल्यामुळे तो लवकर सुटतो आणि वरच्यावर जास्त भार पडतो. पृथ्वीनिकट कक्षेपर्यंत हे खपून जातं, चंद्राकडे निघालं की पेलोडच्या मुळावर येतं. लाँग मार्च-१० ला तीन टप्पे आहेत. खालचे दोन केरोसीनवर चालतात, आणि सर्वांत वरचा छोटा टप्पा द्रव हायड्रोजनवर. हायड्रोजनच्या इंजिनातून वायू सेकंदाला सुमारे ४.४ किलोमीटर वेगाने बाहेर पडतो, मिथेनच्या सुमारे ३.६ आणि केरोसीनच्या सुमारे ३.४. शेवटच्या ३.१ किलोमीटरसाठी हा फरक फार मोठा आहे.

एसएलएसची गोष्ट इथे जरा सविस्तर सांगायला हवी, कारण त्याच्याबद्दल गैरसमज खूप आहेत. उड्डाणाच्या क्षणी त्याचा धक्का सॅटर्न-५ पेक्षा जास्त असतो. मग चंद्राच्या वाटेवर ते सॅटर्नच्या निम्म्याच्या जरा वरच का? सॅटर्नच्या तिसऱ्या टप्प्यात १०० टनांहून जास्त इंधन होतं आणि त्याचं एकटं जे-२ इंजिन १०० टनांच्या आसपास धक्का द्यायचं. अपोलो-११ ला चंद्राच्या वाटेवर ढकलायला त्याला सहा मिनिटंही लागली नाहीत. एसएलएसच्या पहिल्या आवृत्तीवरचा वरचा टप्पा मुळात डेल्टा-४ रॉकेटच्या टप्प्यावरून घेतलेला आहे. त्यात ३० टनांपेक्षा कमी इंधन बसतं आणि त्याचं आरएल-१० इंजिन सुमारे ११ टनांचा धक्का देतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये नासाच्या आर्टेमिस-१ या चांद्रमोहिमेच्या वेळी तेच काम करायला या इंजिनाला सुमारे १८ मिनिटं जळावं लागलं. इंजिन उत्तम आहे, त्याच्यासारखी कार्यक्षमता फार थोड्या इंजिनांकडे आहे. पण एवढ्या मोठ्या रॉकेटवर हा टप्पा तोकडा पडतो. नासाच्या आराखड्यात म्हणूनच मोठा वरचा टप्पा लावलेल्या आवृत्तीची कल्पना होती, आणि तिची चांद्रक्षमता ३८ ते ४२ टनांवर जाणार होती. खालचं रॉकेट जवळपास तेच, फक्त माथा बदलायचा, आणि दहा-पंधरा टनांचा फरक पडतो.

या २७ टनांपैकी साडेसव्वीसच्या आसपास एकट्या ओरायनला, म्हणजे माणसांना नेणाऱ्या यानालाच लागतात. म्हणजे लँडरला जागाच उरत नाही. अपोलोच्या वेळी यान सुमारे २९ टनांचं आणि लँडर सुमारे १५ टनांचा, दोन्ही एकाच रॉकेटवर चढले होते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे: आज लँडर वेगळा पाठवावा लागतो, कारण तो नेईल एवढं एकसंध रॉकेट सध्या कुणाकडे नाही.

उरलेलं अर्धं उत्तर ओरायनच्या सेवाकक्षात, म्हणजे इंजिन आणि इंधन असलेल्या भागात आहे. त्यात सुमारे ८.६ टन इंधन असतं. साडेसव्वीस टनांच्या यानाला त्यातून सेकंदाला १.२ ते १.३ किलोमीटर एवढाच वेगबदल मिळतो. चंद्राच्या जवळच्या, शंभर किलोमीटर उंचीच्या कक्षेत शिरायला सुमारे ०.९ आणि तिथून निघायला पुन्हा तेवढंच, म्हणजे १.८ लागतात. ते ओरायनकडे नाहीत, अपोलोकडे होते. म्हणून ओरायनसाठी लांबट वर्तुळाची एक दूरची कक्षा निवडली गेली. तिथे यान चंद्राभोवती एक फेरी साधारण साडेसहा दिवसांत घेतं, कधी काही हजार किलोमीटरवर तर कधी सुमारे ७० हजार किलोमीटरवर. जाणं-येणं ओरायनच्या आवाक्यात येतं. पण वाचलेलं काम नाहीसं होत नाही, ते लँडरच्या माथी येतं. त्या दूरच्या कक्षेतून जमिनीवर उतरायला सुमारे २.७ आणि परत यायला पुन्हा २.७ किलोमीटर वेगबदल लागतो. अपोलोचा लँडर जवळच्या कक्षेतून दोन किलोमीटरच्या आसपास भागवत होता.

आता स्टारशिपकडे. नासाने एप्रिल २०२१ मध्ये स्पेसएक्सला २८९ कोटी डॉलरचा करार दिला तो याच लँडरसाठी. या लँडरमध्ये पृथ्वीनिकट कक्षेत इंधन भरावं लागतं, आणि ते इंधन टँकर-रॉकेटं फेऱ्या मारून आणतात. इथे हिशेब प्रत्यक्ष मांडून बघू, म्हणजे टँकरच्या संख्येवरून जो वाद चालतो त्याचं मूळ कळेल. चंद्राच्या वाटेला लागण्यासाठी ३.१५, दूरच्या कक्षेत शिरायला ०.४५, उतरायला २.७, चढायला २.७. बेरीज ९. मिथेन इंजिनाचा वायुवेग ३.६३ धरला, तर भरलेल्या आणि रिकाम्या यानाच्या वजनाचं गुणोत्तर सुमारे १२ येतं. रिकामं यान, माणसं आणि सामान मिळून १२० टन धरू. हे माझं गृहीतक आहे, पण वास्तवापासून फार लांब नसावं. मग पृथ्वीनिकट कक्षेतून निघताना एकूण वजन १,४३० टन हवं, त्यातले १,३०० हून जास्त टन इंधन. म्हणजे कक्षेत जवळजवळ पूर्ण टाकी भरायची. एका टँकरने १०० टन आणले तर तेरा-चौदा फेऱ्या झाल्या, बाष्पीभवनाने उडून जाणारं वेगळंच. नासाच्या बाजूने दहा ते वीसच्या दरम्यानचे जे अंदाज ऐकू येतात, ते या हिशेबाशी जुळतात.

या हिशेबात सर्वांत नाजूक आकडा टँकरच्या क्षमतेचा आहे. एप्रिल २०२४ मध्ये इलॉन मस्क यांनी स्वतः सांगितलं होतं की तिसऱ्या चाचणीत उडालेल्या रचनेची वहनक्षमता ४० ते ५० टन होती. पुढच्या आवृत्त्या मोठ्या टाक्यांच्या आणि ताकदवान इंजिनांच्या आहेत आणि त्यांचं उद्दिष्ट १०० च्या वर आहे. पण ५० वरच अडकलं तर फेऱ्या पंचवीसच्या पुढे जातात. रिकाम्या यानाचं वजन दहा टनांनी वाढलं, तर बाराच्या गुणोत्तराने कक्षेतलं एकूण वजन १२० टनांनी वाढतं, म्हणजे एक टँकर आणखी. उष्णतारोधक फरशा, झडपा, पायांचे सांधे यांच्या वजनाच्या बातम्या मी लक्ष देऊन वाचतो, कारण तिथला किलो इथे बारा किलो होऊन बसतो.

इतक्या फेऱ्या म्हणजे धोका फार, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. ९८ टक्के विश्वासार्ह रॉकेट सलग पंधरा वेळा यशस्वी होण्याची शक्यता ७४ टक्क्यांच्या आसपास येते, हे खरं आहे. पण टँकर पडला म्हणून मोहीम बुडत नाही, दुसरा टँकर पाठवता येतो. माणसं त्यात नसतात. एसएलएसचं एक उड्डाण फसलं तर मात्र ती मोहीम तिथेच संपते आणि पुढचं रॉकेट तयार व्हायला फार काळ जातो. माझ्या मते स्टारशिपचा खरा धोका वेळापत्रकाचा आहे. द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर आणि मिथेन उणे १६२ च्या आसपास उकळतं. पृथ्वीनिकट कक्षेत यान दर दीड तासाला उन्हातून सावलीत येतं-जातं, खाली पृथ्वीची उष्णता असते. दोन टँकरमध्ये आठवड्यांचं अंतर पडू लागलं तर एका बाजूने भरलेलं दुसऱ्या बाजूने उडून जातं. त्यामुळे प्रक्षेपणतळ किती दिवसांत पुन्हा उड्डाणाला तयार होतो, हा आकडा मला रॉकेटच्या उंचीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. १३ ऑक्टोबर २०२४ ला स्टारशिपचा बूस्टर, म्हणजे खालचा टप्पा, मनोऱ्याच्या बाहूंनी अलगद झेलला गेला, तेव्हा सगळ्यांनी तो देखावा पाहिला. मोहिमेचा हिशेब मांडणाऱ्याला त्यात फेऱ्यांमधलं अंतर कमी होण्याची पहिली खरी शक्यता दिसली.

न्यू ग्लेनला सात टनांवरून निकालात काढू नका. ब्लू ओरिजिनला नासाने मे २०२३ मध्ये ३४० कोटी डॉलरचा लँडर-करार दिला. त्यांच्या मोहिमेतही कक्षेत इंधन भरणं आहे, पण इंधन हायड्रोजन आहे. कार्यक्षमता जास्त, म्हणून एकूण वजन कमी. त्याची किंमत तापमानात मोजावी लागते: हायड्रोजन उणे २५३ अंशांवर उकळतो. त्याला आठवडेच्या आठवडे द्रव ठेवायला यानावरच शीतकरण यंत्र चालवावं लागतं. ते जमलं तर चंद्रावर दीर्घकाळ टिकणारी वाहतूक उभी करण्यासाठी हीच वाट जास्त सरळ आहे असं मला वाटतं, कारण चंद्राच्या ध्रुवाजवळच्या बर्फातून पुढे ऑक्सिजनबरोबर हायड्रोजनही मिळू शकतो, मिथेनसाठी लागणारा कार्बन तिथे सहजी मिळत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यू ग्लेनने दुसऱ्याच उड्डाणात पहिला टप्पा समुद्रातल्या तराफ्यावर उतरवला. त्यानंतर काही दिवसांतच नऊ इंजिनांच्या मोठ्या आवृत्तीची घोषणा झाली. तिचा चंद्राच्या वाटेवरचा आकडा २० टनांच्या वर सांगितला आहे. घोषणा आणि उड्डाण यात अंतर असतं, पण वरच्या टप्प्यावर दोनाऐवजी चार इंजिनं घेण्याचा निर्णय योग्य दुखण्यावर बोट ठेवतो.

फाल्कन हेवी या स्पर्धेत माणसांसाठी नाही, पण सामानासाठी त्याची उपयुक्तता मोठी आहे. युरोपा क्लिपर हे सुमारे सहा टनांचं यान एसएलएसवरून सरळ गुरूकडे जाणार होतं. शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये ते फाल्कन हेवीवरून मंगळ आणि पृथ्वीच्या गुरुत्वाचा आधार घेत गेलं. प्रवास काही वर्षांनी लांबला, खर्च मात्र फार मोठ्या प्रमाणात वाचला. नासाच्या महानिरीक्षकांनी २०२२ मध्ये काढलेला आकडा लक्षात घ्या: पहिल्या चार आर्टेमिस मोहिमांत एसएलएस, ओरायन आणि जमिनीवरची व्यवस्था मिळून दर उड्डाणाला ४१० कोटी डॉलर, त्यातले २२० कोटी एकट्या रॉकेटचे. या खर्चात वर्षाला एकापेक्षा जास्त उड्डाणं करणं अवघड आहे, आणि वर्षाला एका उड्डाणावर चंद्रावर तळ उभा राहत नाही.

चीनची आखणी मला सर्वांत आखीव वाटते. लाँग मार्च-१० चे पाच मीटर व्यासाचे तीन खांब शेजारी शेजारी, प्रत्येकी सात इंजिनं, एकूण २१. एका उड्डाणात मेंगझोउ हे माणसांचं यान, दुसऱ्यात लान्युए हा लँडर, दोन्ही सुमारे २६ टनांचे. दोघं चंद्राच्या कक्षेत भेटतात. कक्षेत इंधन भरणं नाही, बाष्पीभवनाची चिंता जवळजवळ नाही, फक्त दोन रॉकेटं वेळेवर उडाली पाहिजेत. उद्दिष्ट २०३० पूर्वी दोघांना चंद्रावर उतरवण्याचं आहे. मर्यादा अशी की ही रचना अपोलोसारखीच आहे: दोन माणसं, मोजकं सामान, मोजके दिवस. पुढे तळ उभारायचा तर त्यांनाही याहून मोठं रॉकेट लागेल, आणि ५० टन चंद्राच्या वाटेवर नेणाऱ्या लाँग मार्च-९ वर काम त्यासाठीच चाललं आहे.

तक्त्यात न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे लँडरची उंची. रॉकेटचा व्यास आणि नाकाडातली, म्हणजे टोकाच्या आवरणातली जागा लँडरचा आकार ठरवते. अपोलोचा लँडर सात मीटर उंच होता, पाय रुंद पसरलेले. स्टारशिपचा लँडर सुमारे पन्नास मीटर उंच असेल आणि अंतराळवीरांना लिफ्टने खाली यावं लागेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये ओडिसियस हा चार मीटरच्या आसपासचा लँडर दक्षिण ध्रुवाकडच्या उतारावर कलंडला, मार्च २०२५ मध्ये त्याच कंपनीचा दुसरा लँडरही आडवा झाला. कारणं वेगवेगळी होती आणि स्टारशिपचं बरंचसं वजन तळाशी इंजिनांकडे असेल, तरी उतारावर उंच यान उभं करणं हे सोपं काम नाही. या बाबतीत ब्लू ओरिजिनचा आणि चीनचा लँडर मला जास्त निर्धास्त वाटतो.

मग निवड कशी करायची? लवकरात लवकर दोन माणसं उतरवून सुखरूप आणायची असतील, तर मी लाँग मार्च-१० सारखी दोन उड्डाणांची रचना निवडीन. माणसांना पृथ्वीवरून चंद्राजवळ नेऊन परत आणण्यासाठी आज उडून सिद्ध झालेली जोडी एसएलएस आणि ओरायनच आहे, आणि आणीबाणीत माणसांना रॉकेटपासून ओढून दूर नेणारा सुटका-मनोरा तिच्याकडे आहे, स्टारशिपकडे नाही. पण दहा-वीस टनांचं सामान, वीजनिर्मितीचे संच, राहण्याची घरं वर्षामागून वर्षं चंद्रावर उतरवायची असतील, तर कक्षेत इंधन भरण्याला पर्याय नाही. तिथे स्टारशिप किंवा न्यू ग्लेन यांपैकी ज्याचं इंधनभरण आधी विश्वासाने जमेल ते पुढे जाईल.

चांद्रयान-४ चं उत्तर आता सोपं होतं. इस्रोच्या एलव्हीएम-३ या रॉकेटची क्षमता भूस्थिर कक्षेच्या वाटेवर चार टनांच्या जरा वर आहे. चांद्रयान-३ चं वजन ३.९ टन, म्हणजे ते एका उड्डाणात बसलं, तेही लांबट कक्षेत सोडून आणि पुढचा वेग यानाच्या स्वतःच्या इंजिनाने हळूहळू वाढवून. १४ जुलैला निघालेलं यान २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं, एवढा काळ लागण्याचं कारण तेच. चंद्राची माती घेऊन परत यायचं तर चढणारा भाग, परतीचा भाग आणि वातावरणात शिरणारी कुपी वाढते. चांद्रयान-४ चं वजन त्यामुळे सुमारे ९.२ टन होतं. चीनने चांग'अ-५ साठी हेच काम एका उड्डाणात केलं, कारण त्यांच्याकडे आठ टनांहून जास्त वजन थेट चंद्राच्या वाटेवर नेणारं लाँग मार्च-५ होतं. इस्रो भाग दोन एलव्हीएम-३ वर पाठवून पृथ्वीभोवती जोडणार आहे. जानेवारी २०२५ मध्ये इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेतल्या प्रत्येकी २२० किलोच्या दोन उपग्रहांनी जी जोडणी करून दाखवली, ती याच कामाची तयारी होती. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या नव्या पिढीच्या प्रक्षेपकाची क्षमता पृथ्वीनिकट कक्षेत ३० टन असेल. ते रॉकेट आल्यावर चांद्रयान-४ एवढं यान एका उड्डाणात जाईल का, हे या ३० टनांवरून सांगता येणार नाही. त्यासाठी त्याच्या वरच्या टप्प्याचं रिकामं वजन बघावं लागेल.